गेणूमामा शिवनेरी दाखवतो

माझा मामा खोटारडा आहे. हे मी त्याच्या पाठीमागे बोलत नाही, तोंडावर बोलते, आणि तो ऐकून मिशीतल्या मिशीत हसतो. बाकीची माणसं तोंडानं खोटं बोलतात, हा बाबा पायानं बोलायचा. सहा-सात महिने बोलला. रोज, भर दिवसा, लेण्याद्रीच्या पायऱ्यांवर, देवाच्या दारात. त्या खोटेपणापायी त्याचा जीव जायचा राहिला आणि माझ्या मामीचं कुंकू थोडक्यात वाचलं, म्हणून मला आज हे हसत हसत सांगता येतंय.

लेण्याद्रीचा गणपती डोंगरात, कातळातल्या लेणीत. वर जायला तीनशेच्या आसपास पायऱ्या. नेमक्या किती ते विचारू नका, मोजणाऱ्या प्रत्येकाचा आकडा वेगळा निघतो आणि प्रत्येक जण आपलाच खरा म्हणून भांडतो. ज्यांना चढवत नाही त्यांच्यासाठी डोली असते. एक खुर्ची, तिला दोन दांडे, आणि चार माणसांचे चार खांदे. माझा मामा, गेणू, पुढच्या डाव्या दांड्याचा. अठ्ठावीस वर्षं तो दांडा दुसऱ्या कुणाच्या खांद्यावर गेला नाही. पुढचा डावा म्हणजे डोलीचा कारभारी. पाऊल तो टाकणार, थांबायचं तो सांगणार, माकडांना हाकलायचंही त्यानंच. बाकीच्या तिघांनी नुसतं चालायचं.

माझे आईवडील डिंगोऱ्याला. शाळेच्या सोयीसाठी मी पायथ्याला मामाकडे राहिले. बयामामी शंभराव्या पायरीच्या जवळपास टोपली मांडून बसायची, काकड्या आणि ताक घेऊन. सुट्टीत मी तिच्याजवळ बसून माकडांवर काठी उगारायचं काम केलंय. त्यामुळे मामाची विद्या मी लहानपणापासून बघितली.

ही विद्या अशी, की डोली नको म्हणून पायी चढणाऱ्या माणसाच्या मागे मामा थोडा चालायचा आणि सांगायचा, याच्या छातीत खोट आहे, याच्या नाही. आधी सगळ्यांना वाटायचं की गिऱ्हाईक पटवायची ही युक्ती आहे. थोडी होतीच. पण मामाचं गणित पक्कं होतं. दोनशेच्या पुढं जाऊन थांबला तो नुसता आळशी. थांबून पायऱ्यांना, सरकारला आणि बायकोला शिव्या देतो, तो तर ठणठणीत. चप्पल काढून नसलेला खडा शोधतो, त्याच्यावर लक्ष ठेवायचं. आणि शंभरीच्या आत थांबून, घामेजल्या कपाळानं मागं वळून जो म्हणतो, ‘वा, काय सुंदर देखावा आहे,’ त्याला डोलीत घालून खाली आणायचं आणि थेट डॉक्टरकडं धाडायचं.

“छातीत कळ आली की मानूस कबूल करत न्हाय, पोरी,” मामा मला सांगायचा. “त्याला लाज वाटती. मग त्यो डोंगर बघतो.”

एकदा फजितीही झाली. एक मुंबईचा फोटोग्राफर साठाव्या पायरीपासून दर दहा पायऱ्यांना देखाव्याचं कौतुक करत होता. मामा डोली घेऊन वरपर्यंत त्याच्या मागं. शेवटी तो बिचारा इतका घाबरला, की खाली उतरून त्यानं खरंच जुन्नरला जाऊन छाती तपासून घेतली. काही निघालं नाही. त्याला खरोखरच डोंगर आवडले होते. मामा पुढं वर्षभर म्हणत होता, असली माणसं असतात, काय करायचं.

पण फतेचंद शेटचं नेमकं धरलं. जुन्नरच्या पेठेत त्यांचं भुसाराचं दुकान. माणूस दिलदार, पण मानी. चौऱ्याण्णव सालची गोष्ट. राजस्थानातले पाहुणे घेऊन शेट लेण्याद्रीला आले. पाहुण्यांना डोल्या केल्या आणि स्वतः पायी निघाले. मी काय म्हातारा झालो का, असं मामालाच विचारलं. सत्तराव्या पायरीवर शेट थांबले, कठड्याला टेकले आणि म्हणाले, कुकडी नदी इथून किती छान दिसते. मामाच्या कानाला खटकलं. हा माणूस जन्मभर कुकडीच्या काठावर राहिला आणि आजवर त्यानं नदीबद्दल चांगला शब्द काढला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मामा पेठेत गेला आणि भर दुकानात, दहा गिऱ्हाइकांसमोर म्हणाला, शेट, छाती दाखवा. शेटनी त्याला हाकलून दिलं. मग मामा मागच्या दारानं पानबाईंकडे गेला. शेटच्या त्या बायको, त्यांनी मुलाला कळवलं. मुलगा जिनेश तेव्हा पुण्यात डॉक्टरी शिकत होता. त्यानं वडिलांना पुण्याला नेऊन चालत्या पट्ट्यावर चालवलं. चौथ्या मिनिटाला मशीन थांबवावं लागलं. हृदयाला रक्त नेणाऱ्या तीन नळ्या जवळजवळ बंद निघाल्या. ऑपरेशन झालं, शेट वाचले.

पुढं जिनेश शिकून आला, नारायणगावला त्यानं दवाखाना काढला आणि दोन हजार एक साली तसलाच चालता पट्टा आणून बसवला. मी सायन्स केलं होतं, हृदय तपासणीच्या मशिनांचा कोर्स केला होता, मला तिथं नोकरी लागली. छातीला चिकटपट्ट्या लावायच्या, वायरी जोडायच्या, माणसाला पट्ट्यावर उभं करायचं आणि दर थोड्या वेळानं रक्तदाब घ्यायचा, हे माझं काम. दर तीन मिनिटांनी पट्टा जोर धरतो आणि पुढून वर उचलला जातो, म्हणजे चढ वाढतो. वायरीतून हृदयाची रेघ कागदावर येते. बसल्या जागी जी खोट दिसत नाही, ती चढावर दिसते. आणि किती लवकर दिसते त्यावरून दुखणं किती मोठं ते कळतं.

डॉक्टर जिनेश स्वतः एक दिवस मामाकडे येऊन पायरीवर बसले होते आणि मामाचं ते सगळं गणित त्यांनी वहीत उतरवून घेतलं होतं. खडा शोधणारा, शिव्या देणारा, देखावा बघणारा. नंतर दवाखान्यात ते मला म्हणायचे, पेशंट काय सांगतो ते ऐकू नको, कुठं बघतो ते बघ, तुझ्या मामाची शिकवण आहे. मी घरी सांगितलं की मामा चार दिवस टोपी तिरकी घालून हिंडायचा.

असा हा माणूस. आणि त्यानं काय करावं?

दोन हजार तीनचा चैत्र. वारूळवाडीच्या एक शिक्षिकाबाई तपासणीला आल्या होत्या. मी चिकटपट्ट्या लावत होते आणि बाई गप्पा मारत होत्या. आदल्या आठवड्यात सासूबाईंना लेण्याद्रीला नेलं, डोली केली, तिथला एक डोलीवाला म्हणे फार भावनाशील माणूस. मी विचारलं, कोण? तर म्हणाल्या, गेणू की काय नाव, उंच, पांढऱ्या मिशांचे. मध्येच डोली टेकवली, शिवनेरीकडं हात केला आणि म्हणाले, बघा, त्यो शिवनेरी. मग त्यांना पुढं बोलताच येईना. हात तसाच वर. दोन-तीन मिनिटं नुसते उभे. कपाळावर घाम. आम्हालासुद्धा भरून आलं.

अहो, माझा मामा शिवनेरीच्या समोर जन्मला, शिवनेरीच्या समोर म्हातारा झाला. तो किल्ला त्याला घरच्या भिंतीसारखा. अठ्ठावीस वर्षांत त्यानं एकाही पावण्याला शिवनेरी दाखवला नव्हता, विचारलं तर मानेनंच ‘तिकडं’ म्हणायचा. आणि आता हात वर करून उभा राहतो?

पुढच्या संकष्टीला मी सुट्टी घेऊन मामीच्या टोपलीजवळ जाऊन बसले. कशी आलीस, म्हणून मामीनं विचारलं. मी म्हटलं, सहज. दहाच्या सुमाराला मामाची डोली आली. खाली बरीच अलीकडं ती टेकली. मामाचा हात वर गेला. डोलीतल्या आजोबांनी शिवनेरीला नमस्कार केला. मागचा गोरख, मामाचा जुना जोडीदार, त्यानंही टोपी काढली. मला इतका राग आला म्हणून सांगू. एवढी धडधाकट तीन माणसं बरोबर उभी आणि एकाच्याही टाळक्यात उजेड पडत नव्हता.

डोली वर गेली तशी मामी उठली आणि मला खाली घेऊन निघाली. कठड्याच्या आतल्या बाजूला, पुरातत्त्व खात्याच्या माणसाला दिसणार नाही अशा बेतानं, चुन्याची बोटं ओढलेली होती. मामी तंबाखू खाते, तिच्या डबीतला चुना. तिनं मला एकेक बोट दाखवलं. सर्वांत वरचं तिच्या टोपलीच्याही पुढं, एकशे चाळीसला. ते गणेशोत्सवातलं. दिवाळीचं एकशे दहाला. माघातलं ऐंशीला. शिमग्याचं साठीला. आणि आज डोली जिथं टेकली ती पायरी तिनं मोजली. अठ्ठेचाळीस. तिनं डबी उघडली, बोट बुडवलं आणि ओढलं.

“मी बोलले व्हते, हर्षे,” ती म्हणाली. “तीन दिस जेवला न्हाई. म्हनला, पुढचा दांडा सोडला तर मी कोन? मग मी बोलायची थांबले आन मोजाया लागले.”

मी तिथंच पायरीवर बसून रडले. रडून झाल्यावर मला मामाचा पुन्हा राग आला, तो जास्त उपयोगाचा होता.

डॉक्टरांना मी चुन्याची हकिगत सांगितली. त्यांनी कागद घेऊन आकडे लिहिले, एकशे चाळीस, एकशे दहा, ऐंशी, साठ, अठ्ठेचाळीस. मग म्हणाले, रिपोर्ट मामींनी काढलाच आहे, आपलं मशीन फक्त सही करणार. पण मामा दवाखान्याची पायरी चढेल तर ना. छाती दाखव म्हटलं असतं तर त्यानं आम्हालाच वेड्यात काढलं असतं.

तेव्हा आम्ही लबाडी केली. खोटारड्याशी लबाडी करायला मला काडीची लाज वाटली नाही. डॉक्टरांनी निरोप धाडला, की गेणूभाऊ, तुमची नजर खरी की माझं मशीन, एकदा ठरवून टाकू. तुम्ही स्वतः चढून बघा आणि मशिनमध्ये काय चुकतंय ते सांगा. एवढं पुरे झालं. मशिनची परीक्षा घ्यायला मामा धुवट धोतर, नवी टोपी घालून आला. बरोबर गोरख आणि दुसरे दोघं. मामी मागून.

आधी डॉक्टरांनी त्याला आडवं झोपवून रेघ काढली. साफ. मामानं गोरखकडं असं बघितलं, की जणू बोर्डात पहिला आला. मग मी त्याच्यासमोर संमतीचा कागद ठेवला. मशिनची परीक्षा घेणाऱ्याला सही कशाला, असं त्यानं विचारलं. डॉक्टरांनी त्याला सरळ सांगितलं, की चढताना छातीत काही झालं तर ते तुम्ही लगेच बोलायचं, आणि नाही बोललात तरी मी मशीन थांबवणार. मामानं मान हलवली आणि सही केली. माझ्याकडं मात्र बघितलं नाही.

पट्टा सुरू झाला. अनवाणी, धोतराचा काचा मारून, मामा असा चालत होता जसा काही खांद्यावर पालखीच आहे. मिनिटभरानं मी बघितलं तर त्यानं दोन्ही हातांनी पुढचा दांडा घट्ट धरलाय आणि अंगाचं निम्मं वजन हातांवर टाकलंय. अठ्ठावीस वर्षं वजन कुठं टाकायचं आणि कुठं काढून घ्यायचं हेच केलेला माणूस तो. मी त्याच्या हातांवर चापटी मारली. मामा, हात सोडा. त्यानं सोडले. मी वळले की पुन्हा धरले. मी पुन्हा मारली. दारातून गोरख हसत होता. मामी हसत नव्हती.

तीन मिनिटं झाली. पट्टा पुढून उचलला आणि चढ वाढला. मी रक्तदाब घेतला. माणूस चढ चढतो तेव्हा वरचा आकडा वाढायला पाहिजे. मामाचा मघाशी दीडशे होता, आता एकशे तीस. मी पुन्हा घेतला. एकशे अठरा. कागदावरची रेघ खाली बसत चालली होती. मी डॉक्टरांकडं बघितलं, त्यांचा हात लाल बटणाजवळ गेलेलाच होता. त्यांनी विचारलं, गेणूभाऊ, छातीत काही?

मामा म्हणाला, काय न्हाय. आणि त्यानं मान भिंतीकडं वळवली. भिंतीवर औषध कंपनीचं कॅलेंडर होतं. परदेशातलं कसलंसं तळं, मागं बर्फाचे डोंगर.

“डाक्टर,” मामा म्हणाला, “ह्यो देखावा कुठला वो? लई झ्याक हाय.”

डॉक्टरांनी बटण दाबलं.

पट्टा थांबला. मामाचं वाक्य खोलीत तसंच राहिलं आणि त्याचं त्यालाच ऐकू आलं. आधी तो डॉक्टरांकडं बघत राहिला, मग माझ्याकडं, मग दारात उभ्या मामीकडं. कपाळावरून घाम मिशीत उतरला. आम्ही दोघांनी धरून त्याला कॉटवर निजवलं, जिभेखाली गोळी ठेवली. गोरखचं हसू केव्हाच गेलं होतं.

“माजंच औशध मला पाजलंत व्हय,” मामा डोळे मिटून म्हणाला.

मामी पुढं आली आणि तिनं त्याची नवी टोपी उचलून पदरानं झटकली. दुसरं काही करायला तिला सुचत नव्हतं.

त्याच दिवशी डॉक्टर त्याला स्वतः पुण्याला घेऊन गेले. तिथं नळ्यांचा फोटो काढला. डावी मुख्य नळी, जिच्यावर अर्ध्याहून जास्त हृदय चालतं, ती सुतासारखी उरली होती. तिथले डॉक्टर म्हणाले, हा माणूस माणसं उचलून डोंगर चढत होता यावर आमचा विश्वास बसत नाही. मामी म्हणाली, आमचा बसतो. तिसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं.

फतेचंद शेट त्याला बघायला वॉर्डात आले. नऊ वर्षांचा वचपा काढायचा होता. दहा खाटांवरच्या दहा पेशंटांसमोर त्यांनी कंबरेवर हात ठेवले आणि मोठ्यानं म्हणाले, गेणू, छाती दाखव. मामानं सदरा वर करून टाके दाखवले. शेटनी आपले दाखवले. दोघं म्हातारे कुणाचे टाके सरळ यावर इतके वाद घालत बसले, की नर्सनं शेटना बाहेर काढलं.

घरी आल्यावर मात्र हसू सरलं. पुढचा डावा दांडा गोरखकडं गेला. तो घेताना गोरख रडला आणि मामानं त्याला शिवी दिली. मामा पायथ्याला बसून राहायचा, डोल्या वर जाताना बघायचा आणि कोणाचं पाऊल चुकतंय ते मला संध्याकाळी सांगायचा. मला वाईट वाटायचं. छातीतली नळी नवी घालता येते, खांद्यावरचा दांडा गेला त्याला काय घालायचं ते डॉक्टरांनाही ठाऊक नव्हतं.

दिवाळीनंतर मी त्याला पुन्हा पट्ट्यावर चालवलं. नऊ मिनिटं चालला, हात न धरता. रक्तदाब शहाण्यासारखा वर गेला. कॅलेंडर मी आधीच काढून ठेवलं होतं. डॉक्टर म्हणाले, आता रिकाम्या खांद्यानं, सावकाश, लेण्याद्री चढायला हरकत नाही.

पुढच्या संकष्टीला आम्ही तिघं निघालो. मामा पुढं, मी मागं, मामी त्याच्या बरोबरीनं, कंबरेला चुन्याची डबी. अठ्ठेचाळिसावी पायरी गेली. साठावी गेली. ऐंशी गेली. मामीची टोपलीची जागा गेली, तिथली माकडं आम्हाला ओळखून आशेनं दहा पायऱ्या मागं आली. एकशे चाळीसचं बोट पावसानं पुसट झालं होतं, तेही गेलं. मामी प्रत्येक बोटाजवळ माझ्याकडं बघायची आणि मी मान हलवायची. मामा आम्हा दोघींना कळू न देता मिशीत हसत होता, पण पाठीवरूनही ते कळत होतं.

आणि दीडशेच्या पुढं कुठंतरी तो थांबला. कठड्याला हात टेकवून त्यानं मागं वळून बघितलं. समोर सकाळच्या उन्हात शिवनेरी. तो बघत राहिला. बोलेना.

मी दोन पायऱ्या एकदम चढून त्याचा डावा हात धरला आणि नाडी बघायला लागले. उजवा मामीनं केव्हाच धरला होता. ती त्याच्या कपाळावर घाम शोधत होती. घाम नव्हता. नाडी घड्याळासारखी चालली होती. मी तरी बोटं काढली नाहीत.

मामानं एकदा तिच्याकडं बघितलं, एकदा माझ्याकडं.

“अगं बायांनो,” तो म्हणाला, “आता येक डाव तरी मला खरंच बघू द्या की.”